मांगरातील मोटार

पेडणे तालुक्यातील एका गावी मुख्य रस्ता सोडून काजूच्या बागेतून आत गेले की एक जुने कौलारू घर लागते. घराच्या मागील अंगास चिऱ्यांचा मांगर आहे. पूर्वी त्यात गुरे बांधीत. पुढे गुरे गेली आणि त्या जागी नारळाची सोडणे, मोडक्या खुर्च्या व पावसाळ्यासाठी राखलेली लाकडे आली. या साऱ्या पसाऱ्यामागे, झापांखाली झाकलेली एक मोटार सुमारे पस्तीस वर्षे उभी होती. उभी होती असे आपण केवळ म्हणावयाचे. तिची चाके जमिनीत रुतली होती आणि आसनांतील काथ्यात उंदरांनी आपला संसार थाटला होता.

ती मोटार आज पुन्हा चालते. ती कशी चालू झाली, त्यासाठी काय काय करावे लागले आणि त्या खटपटीत त्या घराचे काय झाले, हे आपल्या वाचकांस सांगावे असे फार दिवस मनात होते. घरच्या मंडळींनी नावे न छापण्याच्या अटीवर संमती दिली आहे. म्हणून नावांवाचूनच ही हकीकत सांगतो.

प्रथम मोटारीची ओळख करून देणे योग्य होईल. ती फियाट कंपनीची, '११००' या नमुन्याची. इटलीत हा नमुना १९५३ साली निघाला, आणि लगेच पुढच्या वर्षापासून तो मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कारखान्यात तयार होऊ लागला. हा कारखाना शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केला होता. गाडीचे फुगीर नाक आणि गोल पाठ पाहून आपल्या लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले. नाव चेष्टेचे असले तरी त्यात तिरस्कार नव्हता; उलट कमी पेट्रोलात दूर जाणारी व सहसा दगा न देणारी अशी तिची ख्याती होती. तिची पुढची दारे आजच्या गाड्यांच्या उलट दिशेने उघडत. याच घराण्यातील पुढची पिढी १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने प्रसिद्ध झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिला कोण ओळखत नाही? ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

आता ती पेडण्याच्या मांगरात कशी आली ते ऐका. घरातील आजोबा, ज्यांना सारे 'शापाय' म्हणत, मुंबईत एका व्यापाऱ्याकडे मोटार हाकीत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि सीमेवरची अडवणूक संपली. पुढे काही वर्षांनी मालकाने नवी गाडी घेतली, तेव्हा जुनी फियाट त्याने शापायना दिली. फुकट नव्हे, पगारातून हप्त्याहप्त्याने किंमत कापून. शेवटचा हप्ता फिटला त्या आठवड्यात शापायनी नोकरी सोडली आणि गाडी घेऊन ते गावी निघाले. कोल्हापूर, आंबोलीचा घाट, सावंतवाडी, बांदे असा प्रवास करून ते पत्रादेवीला पोहोचले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच पत्रादेवीवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्याच नाक्यावरून आपण स्वतःची मोटार हाकीत घरी आलो, हे ते मरेपर्यंत अभिमानाने सांगत असत.

त्या काळी गोव्यात मोटारी नव्हत्या असे नाही. पोर्तुगीज अमदानीत परदेशी माल मुक्तपणे येई. त्यामुळे हिंदुस्थानात ज्या गाड्या मिळणे दुरापास्त होते त्या पणजी-मडगावच्या श्रीमंत घरांपुढे उभ्या असत. त्यांतील कित्येक आजही जपलेल्या आढळतात, आणि नुवे येथे तर 'अश्वेक विंटेज वर्ल्ड' या नावाने जुन्या गाड्यांचे संग्रहालयच उभारले गेले. परंतु पेडणे, डिचोली हे नव्या काबिजादीतील तालुके. इकडे खेड्यात मोटार म्हणजे नवलाची वस्तू होती. शापायची फियाट ही त्या गावातील पहिली मोटार. साहजिकच ती एका घराची राहिली नाही. नवरी तिच्यातून गेली, मुंबईहून आलेला पाहुणा तिच्यातून आला, आणि अपरात्री अडलेली बाळंतीण म्हापशाच्या इस्पितळात तिच्यातूनच पोहोचली.

पुढे बसगाड्या वाढल्या, शापायची नजर मंदावली, आणि एका पावसाळ्यात गाडी मांगरात गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. शापाय वारले. त्यांच्या मागे दोन मुलगे व एक मुलगी. थोरला गावीच राहिला, धाकटा इंग्लंडात नोकरीस गेला, मुलीला म्हापशाच्या बाजूस दिली.

काही वर्षांपूर्वी एक भंगारवाला दारात आला आणि वादास तोंड फुटले. थोरल्याचे म्हणणे, पायच्या हातची वस्तू वजनावर विकणार नाही. धाकट्याचे म्हणणे, गंजलेले लोखंड सांभाळण्यात कसला मान? ते विकावे आणि तिघांनी वाटून घ्यावे. बोलता बोलता गोष्ट मोटारीवरून मांगराच्या जागेवर आणि जागेवरून घराच्या वाटणीवर गेली. दोघे भाऊ एकमेकांशी फोनवर बोलेनासे झाले. बहीण मध्ये पडली तर दोघेही तिच्यावर रागावले. अखेर प्रकरण माझ्याकडे आले. धाकट्याने मला स्पष्ट सांगितले, "फादर, ती गाडी चालली असती तर मी एक शब्द बोललो नसतो. पण ती चालणार नाही, आणि दादाला तिच्या नावाने सगळा मांगर हवा आहे."

या वाक्यातील पूर्वार्ध थोरल्याच्या मुलाने मनावर घेतला. वीस-एकवीस वर्षांचा हा नातू. "चालली तर कोणी बोलणार नाही ना? मग मी चालवून दाखवतो," असे म्हणून त्याने पाने हाती घेतले. एका रविवारी आरंभ केला तो पुढच्या रविवारपर्यंत त्याने गाडीचा सांगाडा करून ठेवला. दारे, दिवे, आसने, इंजिन, सारे सुटे झाले. नट-बोल्ट मात्र त्याने एकाच गोणपाटाच्या पोत्यात भरले. तारा कापताना खूण केली नाही, चित्र काढले नाही, छायाचित्र घेतले नाही. पुढे जोडावयास बसला तेव्हा पहिल्याच दिवशी त्याच्या ध्यानात आले की कोणता तुकडा कोठला हे त्याला स्वतःलाही ठाऊक नाही. त्यात २०२० सालची टाळेबंदी आली. दोन पावसाळे ती मोटार शेकडो तुकड्यांच्या रूपाने मांगरात पडून राहिली. आता तर भंगारवाल्यालाही नको होती! धाकट्या भावाला हे कळले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मी काय सांगत होतो?"

या टप्प्यावर डिचोली तालुक्यातील एक मेस्त्री आमच्या मदतीस आले. त्यांचे सारे आयुष्य खाणीवरच्या ट्रकांची इंजिने दुरुस्त करण्यात गेले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खनिज उत्खनन थांबविले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यास स्थगिती दिली; मध्यंतरी काम काहीसे सुरू झाले, ते मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडले. डिचोली-साखळीच्या पट्ट्यात किती घरांच्या चुली त्यामुळे मंदावल्या हे तेथील लोकांस सांगावयास नको. मेस्त्रींचे वय साठीच्या पुढे. हाती कसब होते, पण काम नव्हते. माझ्या विनंतीवरून ते एका सकाळी आले, पोत्यात हात घातला, मूठभर नट बाहेर काढून पाहिले आणि मुलाला म्हणाले, "पोरा, खोलताना लिहून ठेवले नाहीस. आता जोडताना कोणाला विचारणार?" मग क्षणभर थांबून म्हणाले, "बरे, दर शनिवारी येईन. पण माझ्या रीतीने काम करावे लागेल."

त्यांची रीत काय होती हे थोडे विस्ताराने सांगतो. कारण ती जुनी मोटार, जुना पंप वा जुने शिवणयंत्र खोलणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल.

पहिले काम कागदपत्रांचे. गाडीचे नोंदणीपुस्तक शोधून त्यातील इंजिनाचा व चासीचा क्रमांक प्रत्यक्ष लोखंडावर कोरलेल्या आकड्यांशी ताडून पाहिला. क्रमांक जुळले. ते जुळले नसते, तर कितीही श्रम करून गाडी चालू केली तरी कायद्याच्या दृष्टीने ती निनावीच ठरली असती.

दुसरे काम पोत्याचे. नट-बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून, घासून, जाडीप्रमाणे व आट्यांप्रमाणे निवडावयाचे. येथे एक सूक्ष्म गोष्ट शिकण्यासारखी आहे. फियाट ही इटालियन गाडी, म्हणून तिचे आटे मिलिमीटरच्या मापाचे. जुनी ब्रिटिश यंत्रे इंचाच्या मापाची. घरच्या जुन्या पंपाचे काही बोल्ट त्याच पोत्यात मिसळले होते. ८ मिलिमीटरचा बोल्ट आणि ५/१६ इंचाचा बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. कारण ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर होतात. पण एकाचा नट दुसऱ्यावर बळाने बसविला तर दोघांचेही आटे जातात. निवडलेला प्रत्येक प्रकार दुधाच्या पावडरीच्या डब्यात घालून वर चिठ्ठी चिकटविली. असे पंचेचाळीस डबे फळीवर ओळीने उभे राहिले. पावसाळ्याचे दोन महिने नुसत्या या कामात गेले, आणि नातवाने एकदाही तक्रार केली नाही.

तिसरे काम पत्र्याचे. आणि गोव्याच्या हवेत हेच सर्वांत अवघड. आपल्याकडे पावसाळ्यात शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. समुद्रावरून खारी हवा येते. ट्रकच्या गाडीला खाली भक्कम चौकट असते; फियाट ११०० ला तशी वेगळी चौकट नाही. तिचे अंग हीच तिची चौकट. त्यामुळे दाराखालचे उंबरठे व तळाचा पत्रा कुजला की साऱ्या गाडीचे बळ जाते. मेस्त्रींनी कुजका भाग कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत लोखंडी पट्ट्यांचे आडवे आधार जोडून घेतले. हे आधार दिल्यावाचून उंबरठे कापले असते, तर गाडी मधोमध वाकली असती आणि पुन्हा एकही दार लागले नसते. पेट्रोलची टाकी तर त्यांनी आधीच काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकास नेऊन ठेवली. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ राहते आणि वेल्डिंगची एक ठिणगी घर पेटविण्यास पुरते, अशी ताकीद त्यांनी सर्वांना दिली. कुजका पत्रा कापून तेथे नवा जोडला. भोके लांबीने भरून वर रंग देण्याची जी सोपी युक्ती असते, ती त्यांनी करू दिली नाही. "लांबीखाली गंज मरत नाही, झोपतो," असे ते म्हणत. आतील पाणी वाहून जाण्यासाठी कारखान्याने ठेवलेली छिद्रे चिखलाने बुजली होती. ती मोकळी करून मगच गंजरोधक लेप दिला.

चौथे काम इंजिनाचे. इतकी वर्षे बंद राहिल्याने पिस्टन आतल्या आत जाम झाले होते. नातू हँडलला लोखंडी नळी लावून जोर करावयास निघाला, तेव्हा मेस्त्रींनी त्याचा हात धरला. प्लग काढून चारही छिद्रांत डिझेल व पातळ तेल ओतले आणि पंधरा दिवस कोणी हात लावू नये असे सांगितले. रोज थोडे तेल, रोज हलकासा प्रयत्न. सतराव्या दिवशी इंजिन नखभर हलले. जोर केला असता तर आतला एखादा भाग मोडला असता. वरचे झाकण, ज्यास 'हेड' म्हणतात, ते या इंजिनात ॲल्युमिनियमचे असते, आणि खालचा ठोकळा ओतीव लोखंडाचा. हेड काढून पाहिले तो चारही नळ्यांत गंजाचे व्रण. मूळ व्यास ६८ मिलिमीटरचा; तो किंचित वाढवून त्या मापाचे नवे पिस्टन घालणे भाग होते. ठोकळा व क्रँक कोल्हापुरास उद्यमनगरात पाठविले. तेथील कारागिरांनी सूक्ष्ममापकाने मापून ते काम चोख करून दिले. सुटे भाग मुंबईस कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून थोडे थोडे आणले.

या दिवसांत नातू एकदा फार निराश झाला. "मी डिचोलीच्या आय. टी. आय.त नुसते वेल्डिंग शिकलो. हे माझे काम नव्हे," असे म्हणू लागला. तेव्हा मी त्याला इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांची गोष्ट सांगितली. शालेय शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या या गृहस्थाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःच्या कल्पनेने एक छोटी मोटार बनविली आणि पुढे तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढून तिला 'मीरा' हे नाव दिले. सामान्य माणसाला परवडणारी गाडी हे त्यांचे स्वप्न होते. ती गाडी बाजारात आली नाही. परंतु टाटांनी आपली नॅनो २००८ साली लोकांपुढे आणली, त्याच्या सुमारे साठ वर्षे आधी महाराष्ट्रातील एका गावात तो विचार लोखंडात उतरला होता. मुलाने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "त्यांनी लिहून ठेवले होते का हो, फादर?" मला हसू आले. मेस्त्रींचा धडा त्याच्या अंगी मुरला होता.

आणि लिहून ठेवण्यावरूनच या हकीकतीला वळण लागले. तारांचा गुंता कोणालाच सुटत नव्हता. कोणती तार दिव्याची, कोणती भोंग्याची, कळेना. तेव्हा म्हापशाहून आलेल्या बहिणीला आठवले की पाय गाडीसाठी एक वही ठेवीत असत. ती त्यांच्या जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत, मुंबईच्या कागदपत्रांखाली सापडली. काळ्या पुठ्ठ्याची, वाळवीने कडा खाल्लेली. पेडण्याच्या मराठी शाळेत शिकलेल्या माणसाचे ते टपोरे बाळबोध अक्षर. शेवटच्या पानांवर त्यांनी तारांचा नकाशा स्वतः काढला होता, रंगांच्या नावांसकट. मेस्त्रींनी तो पाहिला आणि टोपी काढून क्षणभर गप्प उभे राहिले.

परंतु वहीच्या पुढच्या पानांवर आणखी काही होते. तेल कधी बदलले, टायर कधी घेतला, याच्याच खाली प्रत्येक फेरीची नोंद होती. कोणाला नेले, कोठे नेले, किती पैसे मिळाले. जेथे पैसे मिळाले नाहीत तेथे 'बाकी' असा शब्द. बाळंतीण वा आजारी माणूस नेल्याच्या नोंदीपुढे मात्र ना रक्कम होती, ना 'बाकी'. तेथे एक आडवी रेघ होती. अशा रेघा पानोपानी. त्यांतील एक रेघ धाकट्या भावाच्या जन्माच्या रात्रीची, आणि तिच्या खालचीच दुसरी शेजारच्या बाईची. दोघींना एकाच फेरीत नेले होते. बहिणीने त्या पानाचे छायाचित्र इंग्लंडास पाठविले, सोबत एक शब्दही न लिहिता.

आठ दिवस उत्तर आले नाही. मग थोरल्याच्या नावे पैसे आले. निरोप एवढाच की, चौदा इंची चाकांचे चार टायर घ्यावेत आणि पाचवाही घ्यावा, पाय पाचव्यावाचून कधी बाहेर पडत नसत. थोरल्याने तो निरोप मला दोनदा वाचून दाखविला. त्या रात्री त्याने भावाला फोन केला. काय बोलले ते मी विचारले नाही.

रंगाचे काम दिवाळीनंतर घेतले. पावसाळी दमट हवेत जुन्या पद्धतीचा रंग मारला तर त्यावर पांढुरकी साय येते. जुना रंग घासताना नाकातोंडास फडके नव्हे, तर योग्य मुखपट्टी बांधावी. कारण पूर्वीच्या रंगांत शिसे असे. तीच गोष्ट जुन्या ब्रेकच्या धुळीची. त्या काळी ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टस घालीत. ती धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. आजच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते व ते जुन्या रबरास खाते. म्हणून पेट्रोलच्या सर्व नळ्या नव्या, त्यास टिकणाऱ्या घ्याव्या लागतात.

आता एक फजितीही सांगितली पाहिजे. गाडी प्रथम सुरू झाली त्या संध्याकाळी मला मानाने पुढच्या आसनावर बसविले. अंगणात तीन फेऱ्या झाल्या आणि गाडी जड चालू लागली. चाकाला हात लावला तो चटका बसला. ब्रेक दाबल्यावर सुटेनासे झाले होते. एका दुकानातून ब्रेकचे तेल म्हणून जो डबा आणला होता, त्यात साधे खनिज तेल निघाले, आणि त्या तेलाने ब्रेकमधील रबरी वाट्या फुगल्या होत्या. सारे तेल काढून टाकले, नळ्या स्पिरिटने धुतल्या, रबराचा प्रत्येक तुकडा नवा घातला. महिनाभराचे काम वाढले. नातू चिडला, पण मेस्त्री म्हणाले, "अंगणात कळले हे बरे झाले. घाटात कळले असते तर?" डब्यावरचे अक्षर न वाचता तेल ओतले ही चूक आमचीच होती.

अशा गाड्यांविषयीचा कायदाही वाचकांस ठाऊक असावा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने यासंबंधी नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे पूर्ण झालेली, खाजगी वापराची आणि चासी, अंग वा इंजिन यांत मूलतः फेरफार न केलेली दुचाकी वा चारचाकी 'विंटेज' मानली जाते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व मुदत दहा वर्षांची ठरविण्यात आली. नूतनीकरणास ५,००० रुपये. नव्या क्रमांकात 'व्ही. ए.' ही अक्षरे येतात. मात्र पूर्वीची नोंदणी असलेल्या गाडीस आपला मूळ क्रमांक राखता येतो. ही नोंदणी घेतलेली गाडी नित्याच्या वापरास वा भाड्याने चालविता येत नाही. प्रदर्शन, मिरवणूक-शर्यत, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती व इंधन भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणावयाची. म्हणून जुनी मोटार सजवून लग्नाच्या वराती मिळवू, असा हिशेब कोणी करीत असेल तर त्याने तो आधीच सोडून द्यावा. खर्चाचाही हिशेब तसाच. या घराने दोन वर्षांत जे पैसे घातले, ते गाडी विकून परत येतील अशी आशा त्यांना नाही. ज्याचे मूळ कागद हरवले आहेत, ज्याचा पत्रा पूर्ण कुजला आहे, वा ज्याच्यापाशी सवड नाही, त्याने ऋण काढून असल्या फंदात पडू नये. जुनी वस्तू सांभाळणे हा काही सर्वांवर लादलेला धर्म नव्हे.

मग या घराने हे का केले? मी थोरल्याला एकदा हाच प्रश्न विचारला. त्याने थोडा विचार करून सांगितले, "फादर, प्रथम हट्टाने केले. मग पोराने मोडून ठेवली म्हणून लाजेने केले. शेवटी वही सापडली तेव्हा ते सोडवेना." मला या उत्तरात खोटेपणाचा लवलेशही आढळला नाही. माणसे बहुधा हट्टाने वा लाजेने चांगल्या कामास लागतात आणि त्याचे कारण त्यांना पुढे सापडते.

मी स्वतः त्या शनिवारी-शनिवारी जे पाहिले त्यातून एकच गोष्ट शिकलो. मोडावयास आठ दिवस पुरतात. त्यासाठी ज्ञान लागत नाही, नुसता जोर पुरतो. जोडण्यास दोन वर्षे लागतात, आणि तेथे जोर कामास येत नाही. कोणी तरी खूण ठेवलेली असावी लागते, कोणी तरी थांबावयास शिकविणारा लागतो, आणि दुरून का होईना, पाचवा टायर पाठविणारा लागतो. भावाभावांचे वाद चालू असतात त्या घरांत मी जातो, तेव्हा हल्ली मला ते पोते व ते पंचेचाळीस डबे आठवतात.

मागील हिवाळ्यात धाकटा रजेवर आला. संध्याकाळी तिन्ही भावंडे गाडीत बसली. थोरला चाकावर, धाकटा शेजारी, बहीण मागे. उलटी उघडणारी दारे लावताना तिघांचीही गडबड उडाली आणि तिघेही एकदम हसले. नोंदणीचे कागद अद्याप हाती आले नव्हते, म्हणून गाडी फाटकाबाहेर नेली नाही. मांगरापासून तुळईच्या विहिरीपर्यंत आणि परत, एवढाच प्रवास. धाकटा उतरला तेव्हा त्याच्या हाती ती वही होती. वाटणीची बोलणी पुढे झाली, शांतपणे झाली, मांगर सामाईक ठेवण्याचे ठरले.

मेस्त्री मात्र समाधानी नव्हते. फळीवरच्या एका डब्यात एक बोल्ट उरला होता. सारी गाडी जोडून झाली, मग हा कोठला? त्यांनी खाली वाकून, कंदील धरून सारे पुन्हा तपासले. नातवाने बोल्ट हाती घेतला, मापकात धरला आणि म्हणाला, "मेस्त्री, हा ५/१६ इंचाचा. गाडीचा नव्हे, पंपाचा."

मेस्त्रींनी तो त्याच्या हातून घेतला, निरखून पाहिला, आणि मान हलवून मुलालाच परत दिला. "मग आता पंप खोलूया," ते म्हणाले. "पण आधी वही आण."